निदानानंतरच्या पालकांसाठी एक मागणी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझ्या मुलीला तिसऱ्या वर्षी ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे निदान झाले. ते वेळेत झाले याचे श्रेय सरकारी तपासणीला आहे, हे आधीच नमूद करतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत येणारी त्याची पथके मुलांच्या विकासातील विलंबही पाहतात आणि गरज भासल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अडचण त्यापुढची आहे.

निदानाचा कागद घरी आला की आजी म्हणते, हिचा बापही उशिराच बोलायला लागला होता. शेजारीण मोबाइलला बोल लावते. कोणी अंगारा आणून देते. आणि मुलीची आई ‘माझेच काही चुकले का’ हे रात्री-अपरात्री विचारत राहते. आईच्या वागण्याने स्वमग्नता होत नाही, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच स्पष्ट केले आहे. समोर बसून तिला ते सांगायला मात्र कोणाला सवड झाली नाही. स्पीच थेरपी आठवड्यातून पाऊण तास मिळते, उरलेला आठवडा मुलगी आमच्याजवळ असते. तहान लागली की ती माझे मनगट धरून मला माठाकडे ओढत नेते. तेव्हा लगेच पेला भरून द्यायचा, की क्षणभर थांबून तिला बोट दाखवण्याची किंवा ‘पा’ म्हणण्याची संधी द्यायची, हे पालकांना कोणीतरी शिकवावेच लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि त्याच कायद्याचे कलम ४७ कुटुंबीयांना संगोपनाचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी ९ गटसत्रे आणि ३ गृहभेटींचा अभ्यासक्रम तयार केलेला आहे. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनाही तो चालवता येतो.

तो प्रत्येक जिल्हा केंद्रात मराठीतून आणि सुटीच्या दिवशी सुरू करावा. वडिलांना वेगळे निमंत्रण धाडावे, कारण एरवी बाप सहीपुरताच येतो. रोजंदारी बुडवून येणाऱ्यांना एसटीचे भाडे मिळावे. निदानाच्या दिवशीच पुढच्या भेटीची तारीख लिहून द्यावी आणि ती भेट केवळ पालकांच्या शंकांसाठी राखून ठेवावी. मनुष्यबळ कमी असल्यास या वाटेवरून चार-दोन वर्षे चाललेले पालक तालुक्यातालुक्यात सापडतील. त्यांना मानधनावर घ्यावे.

आपला,
एक पालक, सातारा जिल्हा