सूचना : रविवारची बैठक – राजपुत्राने काढलेली शाळा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १०.३० वाजता वाचनालयाच्या माडीवर मासिक बैठक आहे. विषय : बाडेनचे राजपुत्र माक्स आणि त्यांची सालेमची शाळा (सालेम जर्मनीतलं, तमिळनाडूतलं नव्हे!).

माक्स हे बादशाही जर्मनीचे शेवटचे चॅन्सेलर (पंतप्रधान). कारकीर्द जेमतेम पाच आठवड्यांची. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) होकाराची वाट न पाहता त्यांनी त्याचा राजत्याग परस्पर जाहीर केला आणि कारभार सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते एबर्ट यांच्याकडे सोपवला. पुढे १९२० मध्ये, एकेकाळी मठ असलेल्या आपल्या वाड्यातच त्यांनी शाळा काढली. मुख्याध्यापक केलं ते आपले सचिव कुर्ट हान यांना. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत शहाणा राजकीय निर्णय! हिटलरला उघड विरोध केल्याने हान यांना १९३३ मध्ये अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनला गेले. मुळशीजवळचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज (१९९७) त्यांच्याच विचारांच्या परंपरेतलं, म्हणून चर्चेत शिक्षक सभासद हवेतच.

बैठक वेळेवर सुरू होईल, चहा नंतर. वर्गणी राहिलेल्यांनी सोबत आणावी. येणार असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मागवायच्या आहेत.

– चिटणीस