कूपरसाहेबांचा कारखाना लेखात कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) सर धनजीशा कूपर यांच्यावर आलेला लेख वाचला आणि मनाला लागलं. पानभर मजकूर. त्यात गव्हर्नर आहेत, मंत्रिमंडळ आहे, राजीनामा आहे. पण ज्या कारखान्याच्या बळावर हा माणूस राजकारणात उभा राहिला, त्याची एका वाक्यात बोळवण. ते उद्योजक होते, म्हणे. एवढंच?

१९३७ चं काय ते वाचकांना ठाऊक आहे. काँग्रेसने निवडणूक मारली आणि सत्ता घ्यायचं नाकारलं, १ एप्रिलला कूपर गादीवर बसले, १९ जुलैला काँग्रेसचे बाळासाहेब खेर आले. साडेतीन महिने. त्यावर कडक टीका करायला माझी हरकत नाही. पाठीशी बहुमत नसताना गव्हर्नरच्या बोलावण्यावर जायला नको होतं, असं माझंही मत आहे. पण एक पारशी माणूस सातारा जिल्ह्यातल्या कुणब्यांचा पुढारी होतो, ब्राह्मणेतर पक्षात वजन कमावतो, जिल्हा लोकल बोर्डाचा अध्यक्ष होतो, हे घडलं कसं? हा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता. सगळं उत्तर नांगरात नसेल, पण बरंचसं तिथंच आहे. लाकडी नांगराने हरळी आणि कुंदा ही चिवट तणं निघत नव्हती. किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आधीपासून होता, त्याच्या जोडीला १९२२ मध्ये कूपर यांनी सातारा रोडला आपला नांगरांचा कारखाना काढला. ज्याच्या शेतातली हरळी निघाली, तो शेतकरी त्या माणसाचे चार शब्द ऐकणारच. पुढे त्याच कारखान्यातून तेलावर चालणारी इंजिनं निघाली आणि सातारा रोड स्टेशनचं नाव गावोगाव पोचलं.

आणि कोल्हापुरात निघणाऱ्या वर्तमानपत्राने या लेखातून कर्मवीर भाऊराव पाटील यांचं नाव गाळावं, हे तर मला कळतच नाही. भाऊराव आमच्या हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे. किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या दारात बसून नांगर कसा खपवायचा हे त्यांना माहीत होतं. कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. पुढे कूपर यांनी शिक्षणासाठी देऊ केलेल्या पैशांवरून दोघांचं बिनसलं आणि भाऊराव बाहेर पडले, हे त्यांच्या चरित्रांतून आलेलं आहे. कूपर यांना मोठं करायचं म्हणून ही गोष्ट लपवावी असं मी म्हणत नाही. उलट ती ठळक छापा. भाऊराव त्या कारखान्यातून निघाले आणि त्यांनी रयत शिक्षण संस्थेला सगळं आयुष्य दिलं. माझ्यासारखी खेड्यातली कितीतरी पोरं त्या शाळांत शिकली. कारखानदाराचं राजकारण समजून घ्यायचं तर त्याने कुणाला दिलेला शब्द पाळला आणि कुणाला दिलेला मोडला, हे बघावं लागतं. ते लेखात नाही.

मी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होतो. इंजिनाच्या बॉडीचे, फ्लायव्हीलचे, पंपाच्या केसिंगचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांवरून मातीचा साचा करतात ते नमुने, करण्यात उमर गेली. कोल्हापूरच्या फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, ऑइल इंजिनांवर वाढल्या. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं इथल्या जुन्या कारागिरांच्या तोंडी देवासारखी असायची. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मात्र वडिलांनी कूपरचं इंजिन बसवलं होतं. सुरू करायचं म्हणजे एकाने लिव्हर उचलून धरायची आणि दुसऱ्याने हँडल मारायचं. चाकाला वेग आला की लिव्हर सोडायची, मग पहिला ठोका, काळा धूर, आणि पाटाला पाणी. टाकीतून येणाऱ्या गरम पाण्याने आम्ही भावंडं थंडीत अंघोळ करत होतो. बॉडीवर नावाची अक्षरं उठावात ओतलेली होती, कड इतकी स्वच्छ की बोट फिरवलं तरी कुठे टोचत नसे. मी पॅटर्नच्या कामाला लागलो तेव्हा माझे उस्ताद म्हणाले, ही अक्षरं बघ आणि असं काम कर. पॅटर्नला उतार किती द्यायचा म्हणजे माती न फाटता तो साच्यातून सुटेल, हे मी त्या अक्षरांवरून शिकलो.

विहिरीवर विजेची मोटर आली आणि इंजिन बंद पडलं. वडील गेल्यावर वाटलं, हे कुठेतरी लोकांना बघायला ठेवावं. शहरातल्याच एका संस्थेत गेलो. नाव लिहीत नाही. टेम्पोचं भाडं मी देतो, साफ करून देतो, रंग मी लावतो, असं सांगितलं. तिथल्या जबाबदार माणसाने फोटोही नीट बघितला नाही. म्हणाले, “काका, बिडाला चांगला भाव आलाय, भंगारात घाला.” माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ज्या शहराने बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतून पोट भरलं, त्या शहरात बिडाची किंमत किलोवर सांगितली. तो राग अजून गेलेला नाही आणि तुमचा लेख वाचून तोच राग वर आला. त्यांनी इंजिन किलोवर मोजलं, तुम्ही माणूस खुर्चीच्या दिवसांवर मोजलात.

आणखी एक. ज्या पुरवणीत कूपरांच्या कारखान्याला जागा पुरली नाही, तिच्याच मागच्या पानावर एका ‘युवा उद्योजका’च्या वाढदिवसाची पानभर जाहिरात होती. चौकातल्या डिजिटल फलकावरही तेच. महापालिका असो, जिल्हा परिषद असो, उभं राहायचं म्हटलं की नावाआधी ‘उद्योजक’ लागतो. उद्योग कसला, कामगार किती, त्यांचा पगार वेळेवर होतो का, हे कुणी विचारत नाही. जाहिरात घेताना तुम्ही तरी विचारा. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावात खरोखर हात काळे करणारे कारखानदार आहेत, दिवाळीत स्वतःचं थांबवून कामगाराचा बोनस देणारे आहेत. त्यांचे फोटो तुमच्या पुरवणीत मला कधी दिसले नाहीत.

माझी मागणी साधी आहे. कूपर यांच्यावर दुसरा लेख छापा आणि तो सातारा रोडला जाऊन आलेल्या माणसाकडून लिहून घ्या. १९४० च्या सुमारास कारखाना वालचंद समूहाकडे कसा गेला, तेही त्यात येऊ द्या. आमचं इंजिन अजून मळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये आहे, दर दसऱ्याला मी त्याची पूजा करतो. वार्ताहर पाठवणार असाल तर आधी निरोप द्या, डिझेल भरून ठेवतो.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर