माझ्याकडे बॅटला बॅटकॅट म्हणतात

सांगली
रविवार, रात्री

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ओटा आवरून मगच लॅपटॉप उघडला, म्हणून उशीर. तुझी रेंजरची, म्हणजे टर्मिनलमध्ये फाइली बघायच्या त्या प्रोग्रॅमची, सेटिंगं गिटवरच्या तुझ्या साठ्यातून उतरवून घेतली. पुण्यात तुझ्या आर्च लिनक्सवर जे सुरळीत चालतं, ते माझ्या जुन्या डेबियन लिनक्सवर पहिल्याच मिनिटाला अडलं. काय काय अडलं ते लिहूनच पाठवते. फोनवर सांगितलं की तू नुसतं ‘हो हो’ करतेस.

आधी उजवीकडचा प्रीव्ह्यू कोरा. तुझ्या प्रीव्ह्यूच्या स्क्रिप्टमध्ये बॅट, म्हणजे फाइलमधला मजकूर रंगीत दाखवणारी कमांड, असं लिहिलंय. डेबियनमध्ये ते नाव आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं, म्हणून इथे त्याला बॅटकॅट म्हणतात. फाइली शोधणाऱ्या एफडीचंही तेच, इथे तो एफडीफाइंड. माहेरी एक नाव, सासरी दुसरं! नाव बदललं तरी खिडकी कोरीच. अर्धा तास गेला. मग लक्षात आलं, स्क्रिप्ट कुठल्या शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत तू एसएच लिहिलंस आणि आत दुहेरी चौकोनी कंस वापरलेस. आर्चवर एसएच म्हणजे बॅश नावाचा शेलच, म्हणून तुला कधी कळलं नाही. डेबियनने 2011 पासून एसएचच्या जागी डॅश नावाचा साधा शेल बसवलाय आणि त्याला दुहेरी कंस समजत नाहीत. एक तर पहिल्या ओळीत बॅश लिही, नाहीतर एकेरी कंस वापर. बॅट की बॅटकॅट, हे ‘कमांड -व्ही’ने विचारून घे, ते बॅशलाही कळतं, डॅशलाही.

पेनड्राइव्हवर उडी मारायची तुझी कळ दाबली तर फोल्डरच नाही म्हणाला. तुझ्याकडे पेनड्राइव्ह ‘रन’च्या आतल्या ‘मीडिया’त लागतो, माझ्याकडे थेट ‘मीडिया’त. डाउनलोडची कळही तशीच फुकट गेली, कारण माझा सगळा डेस्कटॉप मराठीत आहे आणि त्या फोल्डरचं नावच देवनागरीत आहे. हसू नकोस. तो पत्ता हाताने लिहायचाच नसतो. एक्सडीजी-यूझर-डिर नावाची कमांड असते, तिला डाउनलोड कुठे आहे असं विचारलं की त्या त्या मशीनवरचा खरा पत्ता मिळतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. दुपारी तू दुरुस्ती म्हणून जे पाठवलंस, त्यात होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, बघून फाटे फोडलेत: मशीन आईचं असेल तर हे, ऑफिसचं असेल तर ते. हे मला पटलेलं नाही. उद्या मी हाच लॅपटॉप पुसून दुसरं नाव दिलं, किंवा दादाने नवा घेतला, की तू पुन्हा फाटे फोडत बसणार. मशीनला नाव विचारू नकोस, तुझ्याकडे काय आहे ते विचार. रेंजरच्या रायफल फाइलमध्ये, म्हणजे कुठली फाइल कशाने उघडायची ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, ही सोय आयती आहे. ओळीत ‘हॅज’ आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव लिहिलं की तो प्रोग्रॅम असेल तरच ती ओळ लागू होते. ‘एक्स’ लिहिलं की ग्राफिक स्क्रीन असेल तरच. वरून खाली वाचत जाते, पहिली जुळलेली ओळ चालते. म्हणजे पीडीएफसाठी वर झथुरा या पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची ओळ, तिला ‘हॅज’ आणि ‘एक्स’ दोन्ही, खाली नुसता मजकूर काढणाऱ्या पीडीएफटूटेक्स्टची. तुझ्या ऑफिसच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनलमधूनच, गेलीस की वरची आपोआप गळते आणि खालची मजकूर दाखवते. एकच फाइल, एकही होस्टनेम नाही.

एका ठिकाणी मात्र पोटात गोळा आला. फाइल काढून टाकायच्या कळीला तू ट्रॅश-पुट, म्हणजे फाइल कचरापेटीत टाकणारी कमांड, लावलंस, आणि ते नसेल तर सरळ आरएम, म्हणजे कायमचं पुसणं! माझ्याकडे ट्रॅश-पुट ज्यात येतं ते ट्रॅश-सीएलआय नव्हतंच. दाबायच्या आधी वाचलं म्हणून बाबांचे स्कॅन केलेले सातबारा वाचले. पर्याय द्यायचा तर कमी धोक्याचा द्यावा. रेंजरच्या स्वतःच्या रायफल फाइलमध्ये बघ: ट्रॅश-पुट नसलं तर ती फाइल आपल्याच एका ट्रॅश फोल्डरमध्ये सरकवते, पुसत नाही.

फोटो दाखवायची पद्धत मात्र खरंच मशीनगणिक वेगळी राहणार. तू किटी टर्मिनल वापरतेस, मी नाही, आणि रेंजरच्या मुख्य सेटिंगांच्या आरसी फाइलमध्ये ‘असेल तर’ लिहायची सोपी सोय नाही. तिच्या शेवटी ‘सोर्स’ लिहून एक लोकल फाइल ओढून घे, आणि त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, टाक. प्रत्येकाने आपल्या मशीनवर ती बनवायची, अगदी रिकामी असली तरी. माझ्या लोकल फाइलमध्ये एकच ओळ आहे: फोटोंचा प्रीव्ह्यू बंद. एवढ्या जुन्या लॅपटॉपला तो झेपतही नाही.

माझे बदल गिटमधल्या वेगळ्या ब्रँचवर (शाखेवर) ढकललेत, तुझ्या मेन शाखेला हात लावलेला नाही. मर्ज करण्याआधी, म्हणजे दोन्ही एकत्र करण्याआधी, दादाच्या फेडोरा लिनक्सवर चालवून बघ. त्याच्याकडे पेनड्राइव्ह तुझ्यासारखाच लागतो आणि बॅटला बॅटच म्हणतात, पण एसएसएचवरून गेल्यावर काय होतं ते त्याने अजून पाहिलेलं नाही. आणि मेतकुटाची पुडी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे. गेल्या वेळेसारखी तिथेच राहू देऊ नकोस.

तुझी,
आई