हॉकीचा निकाल छापता, वेळही आधी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर हॉकी येते ती निकाल लागल्यावर. कोणी कोणाला किती गोलने हरवलं, गोल कोणी केले, की बातमी संपली. वाचणाऱ्याला त्या सकाळी कळतं की काल पिंपरीत उपांत्य सामने होते आणि ठरवलं असतं तर जाता आलं असतं. साताऱ्याहून पिंपरीचं नेहरूनगर सुमारे १३० किलोमीटर. सकाळी चहा घेऊन निघालं तर दोन सामने बघून रात्री जेवायला माणूस घरी. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताच्या संघातून खेळल्या. त्यांच्या जिल्ह्याने हॉकी फक्त टीव्हीवर बघावी, हे आम्हा दोघांना पटत नाही. आम्ही नवरा-बायको या खेळाचे जुने प्रेक्षक. आमची मागणी शेवटी लिहितो. आधी, जोडीने गाडी काढून जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते लिहितो.

दिवस नीट निवडावा. राष्ट्रीय स्पर्धेच्या साखळीत तगड्या संघापुढे नवखा संघ आला की दहा-बारा गोलचा फरक पडतो आणि नवीन प्रेक्षकाला वाटतं, हाच का तो खेळ? उपांत्यपूर्व फेरीचा दिवस धरावा. चार सामने बहुधा एकाच दिवशी लागतात आणि हरणारा घरी जाणार असल्याने कोणी हातचं राखून खेळत नाही. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेहरूनगरला २०२१ साली वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली तीही डिसेंबरात. वार शक्यतो रविवार, आणि त्याला कारण रस्त्याचं आहे. शनिवारी सकाळी महाबळेश्वर-कासची गर्दी पुण्याहून आपल्याकडे येते आणि रविवारी संध्याकाळी परत पुण्याला जाते. रविवारी सकाळी पुण्याला जाऊन संध्याकाळी साताऱ्याला परतणारा दोन्ही वेळा गर्दीच्या उलट चालतो.

कार्यक्रमपत्रिकेत ‘पुशबॅक’ म्हणून जी वेळ दिलेली असते, ती सामना सुरू होण्याची. खेळ १५ मिनिटांच्या चार सत्रांचा. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रानंतर दोन-दोन मिनिटं, मध्यंतर साधारण दहा मिनिटं. मध्ये घड्याळ थांबतं ते धरून ८० ते ९० मिनिटं लागतात. आधीचा सामना बरोबरीमुळे शूटआउटवर गेला तर पुढचा लांबतो, म्हणून परतीची वेळ मिनिटावर बांधू नये.

मैदान कोणतं, हे निघण्याआधी पक्कं करावं. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलातही हॉकीचं मैदान आहे. पिंपरीचं मेजर ध्यानचंद स्टेडियम नेहरूनगरात, आणि त्याच भागात अण्णासाहेब मगर स्टेडियमही आहे. मोबाइलवर नुसतं ‘मेजर ध्यानचंद’ टाकलं तर कोल्हापूरचं त्याच नावाचं मैदानही समोर येतं, म्हणजे साताऱ्याहून नेमकी उलटी दिशा. ‘हॉकी’, ‘नेहरूनगर’, ‘पिंपरी’ हे तिन्ही शब्द टाकून रस्ता लावावा.

गाडीचं फार काही नाही, पण आदल्या रात्री चार गोष्टी बघाव्यात. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टेपनी विसरू नये. कूलंटची पातळी टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी, ती का ते परतीच्या घाटात कळतं. जाऊन-येऊन २६० किलोमीटर धरले आणि १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं, तर १७-१८ लिटर पेट्रोल लागेल. फास्टॅगमधली शिल्लक घरीच बघावी. आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे दोन नाके, जाता-येता चार वेळा. टॅग चालला नाही तर जास्त पैसे भरावे लागतात. फास्टॅगचा वर्षाचा पास काढला असेल तर त्याच्या २०० फेऱ्यांपैकी चार या प्रवासात जातात.

आनेवाडी, पाचवड, भुईंज, सुरूर ओलांडलं की खंबाटकीचा बोगदा. बोगद्यातून बाहेर पडताच उतार आणि त्यावरच ते इंग्रजी ‘एस’सारखं वळण. डोळ्यांना एकदम उजेड लागलेला, गाडी आपोआप वेग घेत असलेली, आणि शेजारी भरलेला कंटेनर. बोगद्यातच गिअर उतरवावा, बाहेर पडल्यावर ओव्हरटेक करू नये. नव्या बोगद्यांच्या कामापायी इथले वळणमार्ग बदलत आले आहेत, तेव्हा जुन्या सवयीने न जाता फलक वाचून जावं. फलटणकरांना हा भाग लागत नाही. ते लोणंदवरून थेट शिरवळला महामार्गाला मिळतात. चहा शिरवळला किंवा सारोळ्याचा नीरेवरचा पूल ओलांडून कापूरहोळला घ्यावा. बाईमाणसाने स्वच्छतागृहाची सोयही इथेच उरकून घ्यावी. मैदानावर ती चांगली असेलच असं धरून चालू नये.

कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. डिझेल वाचवायला काही जण इथे गाडी न्यूट्रल करतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली गर्दीत लागत नाहीत. अशाच गाड्यांनी इथे माणसं गेली आहेत. आपण तिसऱ्या गिअरमध्ये, डावीकडे, आणि आरशात मागच्या ट्रकवर लक्ष ठेवून उतरावं. पुढे वारजे, चांदणी चौक, बाणेर करत वाकडला महामार्ग सोडायचा आणि डांगे चौकातून पिंपरीत शिरायचं. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघू नये. वळणं शेजारच्याने सांगावीत, आणि वळण आल्यावर नाही, अर्धा किलोमीटर आधी.

गाडी नसणाऱ्यांनाही हे जमतं. एसटीने स्वारगेट, तिथून मेट्रोने संत तुकाराम नगर, पुढे थोडं अंतर रिक्षाने. ही मेट्रो खडकीवरून जाते. चार ऑलिंपिक खेळलेला धनराज पिल्ले याच खडकीचा.

पुशबॅकच्या पाऊण तास आधी मैदानावर पोहोचावं. नुसतं जागेसाठी नाही. पाण्याच्या टर्फवर, म्हणजे ओलं करून खेळायच्या कृत्रिम गवतावर, सामन्याआधी फवारे सुटतात ते बघण्यासारखं असतं. कुंपणाजवळ उभं राहिलं तर अंगावर तुषार येतात आणि ओल्या गालिच्यासारखा वास येतो. टर्फ ओलं असलं की चेंडू सरळ, न उडता, वेगाने घसरत जातो आणि पडलेल्या खेळाडूची कातडी सोलत नाही. उन्हाने ते सुकत आलं की चेंडू थबकायला, टुणकायला लागतो, पास मागे राहतात. चांगल्या संघाचे पास अचानक चुकायला लागले तर आधी टर्फकडे बघावं, मग खेळाडूंना नावं ठेवावीत. याच वेळात गोलरक्षकांचा सरावही चाललेला असतो. पॅडवर आदळणाऱ्या चेंडूचा तो ठप्प आवाज टीव्हीवर येत नाही.

बसायला पश्चिमेची बाजू धरावी. हॉकीची मैदानं बहुधा दक्षिणोत्तर आखतात, त्यामुळे दुपारनंतर पूर्वेकडे बसलेल्यांच्या डोळ्यांत ऊन येतं. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. मधोमध बसायचा मोह होतो, पण त्यापेक्षा टोकापासून २३ मीटरवरच्या रेषेसमोर, वरच्या पायऱ्यांवर बसावं. तिथून त्या बाजूची डी, म्हणजे गोलसमोरचा अर्धगोल, हातावर ठेवल्यासारखी दिसते. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा आपणही उठून दुसऱ्या टोकाला जावं. गोलच्या मागे मात्र थांबू नये. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलच्याच वजनाचा. ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे काठीवर ओढत नेऊन भिरकावलेल्या चेंडूचा, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो आणि काठीला लागून उडालेला चेंडू जाळीवरूनही जातो. मुलं बरोबर असतील तर हे आधीच बजावून ठेवावं.

आता पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचावाने डीमध्ये चूक केली की समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी. नवीन प्रेक्षक सगळ्यात जास्त इथेच गोंधळतो, आणि एवढ्यासाठीच मैदानावर जावं असं आमचं मत आहे. चेंडू गोलच्या खांबापासून १० मीटरवर, मागच्या रेषेवर ठेवतात आणि तिथून एक आक्रमक तो डीबाहेरच्या साथीदारांकडे ढकलतो. बचावाला गोलरक्षक धरून फक्त पाच जण गोलमध्ये, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. आंतरराष्ट्रीय सामन्यात या तयारीसाठी ४० सेकंद घड्याळ थांबतं. या ४० सेकंदांत चेंडूकडे बघत बसू नका. गोलमधल्या चौघांकडे बघा. तोंडावर मुखवटा, हातात जाड मोजे, गुडघ्याला पट्टा. त्यातला एक जरा पुढे झुकलेला असतो, काठी जमिनीला टेकलेली. तो पहिला रशर. चेंडू निघाला की तो थेट फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर धावत जातो, आपलं अंग चेंडूच्या वाटेत येणार हे माहीत असून. चेंडू डीच्या टोकाशी पोहोचतो, स्टॉपर काठी आडवी टाकून तो मेल्यासारखा थांबवतो, फ्लिक मारणारा मागचा पाय ओढत तो काठीवर घेतो आणि सोडतो. हे सगळं दोन सेकंदांच्या आत. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो म्हणून रशर दिसतच नाही.

मग आरोळी उठते आणि पंच गोल देत नाही, असं होतं. कारण बहुधा दोनांपैकी एक. चेंडू आधी डीच्या बाहेर जायला हवा, तो आतच थांबवून मारला तर गोल नाही. दुसरं, पहिला फटका ‘हिट’, म्हणजे काठी फिरवून मारलेला, असेल तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा वर असता कामा नये. गोलच्या आतली खालची फळी तेवढ्याच उंचीची असते. ड्रॅग फ्लिकला ही अट नाही, तो २.१४ मीटर उंच गोलच्या वरच्या कोपऱ्यातही चालतो. म्हणून हिट बसली की कान द्यावा. फळीवर आदळल्याचा कोरडा ‘टक्’ आला तर गोल जवळजवळ नक्की. एरवीच्या खेळातही डीबाहेरून मारलेला चेंडू आक्रमकाच्या काठीला आत न लागता सरळ गोलमध्ये गेला, तर तो गोल धरत नाहीत. कार्डांचं सोपं आहे : हिरवं दोन मिनिटं बाहेर, पिवळं किमान पाच, लाल म्हणजे त्या सामन्यापुरता खेळ संपला.

पायऱ्या काँक्रीटच्या असतात, दुपारी तापतात. दुमडलेली सतरंजी न्यावी. टोपी हवी, छत्री नको, मागच्याला काही दिसत नाही. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि दोघांत तीन लिटर पाणी. तिकीट आहे का आणि कोणत्या दाराने सोडतात, हे गाडी लावण्याआधी विचारून घ्यावं.

परतताना खंबाटकी चढून यावं लागतं. पुढे ट्रक रांगत असला की आपली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, रेडिएटरला वारा नाही, त्यात एसीची उष्णता. तापमानाचा काटा वर सरकायला लागला की आधी एसी बंद करावा. तरी चढत राहिला तर हीटर पूर्ण सोडावा. गाडीत उकडेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. त्यानेही खाली आला नाही तर जागा बघून बाजूला थांबावं, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये, आतलं पाणी वाफेसकट तोंडावर येतं. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरणाऱ्यांना थोड्या वेळाने जळका वास येतो, तो क्लच प्लेटचा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं, थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढावा.

आता मागणी. पुण्यात किंवा पिंपरीत राज्य वा राष्ट्रीय पातळीची स्पर्धा असेल तेव्हा गुरुवारच्या अंकात एवढंच छापावं : मैदान कोणतं, शनिवार-रविवारचे पुशबॅक किती वाजता, फेरी कोणती, प्रवेश मोफत की तिकिटाने, आणि आपल्या जिल्ह्यातलं कोण कोणत्या संघातून, कितव्या क्रमांकाच्या जर्सीत खेळतंय. जर्सीचा क्रमांक वगळू नये. मुखवटा घातलेल्या चौघींत आपल्या गावची कोणती, ते पायरीवर बसलेल्याला त्यावरूनच ओळखता येतं.

आपले,
एक वाचक दांपत्य, सातारा