आधी बाहेरच्या बाकावर बस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडून वस्तीत छोटा दवाखाना काढायचं तू पक्कं केलंस, हे वाचून फार बरं वाटलं. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण दोन-चार ओळींत आटपण्यासारखा हा विषय नाही, म्हणून आजची दुपार मुद्दाम मोकळी ठेवली.

कोणती यंत्रं आधी घेऊ, औषधं किती भरून ठेवू, हाताखाली माणसं किती लागतील, असं तू विचारलंयस. त्याची यादी पाठवतो, ते अर्ध्या तासाचं काम. त्याआधी, मला कळायला सगळ्यांत जास्त वर्षं लागलेली एक गोष्ट सांगतो. पेशंट आपल्या खुर्चीवरून उठला की आपलं अर्धं काम सुरू होतं. घरी जाऊन तो काय करतो, शेजारी काय सांगतो, परत कधी येतो, यावर सगळं ठरतं. आणि आपण सांगितलेलं दाराबाहेर किती पोचलं, हे आपण कधी तपासतच नाही.

मी ते एका लहान मुलापायी शिकलो. दवाखाना सुरू करून वर्षही झालं नव्हतं. दीडेक वर्षाचं मूल जुलाबाने मलूल होऊन आलं होतं. तपासलं, फार कोरडं पडलेलं नव्हतं. ओआरएसची पाकिटं दिली, झिंकच्या गोळ्या दिल्या, "एक लिटर पाण्यात एक पाकीट" असं दोनदा सांगितलं. आईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती पोराला उचलून धावत आली. पोर चिडचिडं झालेलं, जीभ सुकलेली, पाण्याच्या भांड्यावर झडप घालत होतं. मला मनातून तिचाच राग आला, हे आज लिहितानाही लाज वाटते. मग काय सुचलं कोण जाणे, मी तिला म्हटलं, "कसं केलंत ते मला करून दाखवा." तिने माझ्याच टेबलावरचा पाण्याचा पेला घेतला आणि रिकाम्या पाकिटाने अख्खं पाकीट ओतल्याचं दाखवलं. एका लिटरचे क्षार एका पेल्यात! पाच-सहा पट खारं पाणी ती रात्रभर चमच्याने पाजत होती, आणि तेही किती नेमाने. रक्तातलं सोडियम वाढलं की तहान वाढते, मूल बेचैन होतं, वेळ गेली तर झटके येतात. लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं, मूल वाचलं.

तिची चूक कुठली? "लिटर" हा माझा शब्द होता. तिच्या घरात त्या मापाचं काही होतं की नाही, हे मी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर एक लिटरची बाटली असते, रंगाने खूण केलेली. पाकीट देतो तेव्हा समोर कालवायला लावतो आणि घरातलं कोणतं भांडं या मापाचं आहे ते विचारतो. आणि एक प्रश्न मी कायमचा टाकला: "कळलं का?" याला सगळे "हो"च म्हणतात, मीही माझ्या शिक्षकांना तेच म्हणत आलो. त्याऐवजी मी म्हणतो, "माझं सांगणं नीट झालं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काय काय करणार, ते मला सांगा." दोन मिनिटं जास्त लागतात, गर्दीच्या वेळी जीवावर येतं, पण ही दोन मिनिटं सोडू नकोस.

ओआरएसवरून १९७१ सालची गोष्ट आठवते, तुलाही वर्गात सांगितली असेल. बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांची पाकिटं करून पिंपांतल्या पाण्यात मिसळली आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आपल्याला शिकवताना द्रावणाच्या रसायनावर सगळा भर दिला होता. मला आता त्यातले नातेवाइकांचे हात जास्त दिसतात. शिकलेल्या माणसांनी हातातलं ज्ञान सोडून दिलं, म्हणून ते पुरलं.

आता यंत्रांचं. पहिल्या दिवशी घ्यायचं ते बीपीचं चांगलं मशीन, आणि त्याबरोबर तीन मापांचे पट्टे. दंड जाड आणि पट्टा लहान असला की आकडा उगाच वर जातो आणि माणूस फुकट आयुष्यभराच्या गोळ्यांना लागतो. पेशंट जिना चढून, रांगेत भांडून आत येतो, आपण लगेच पट्टा बांधतो आणि वर "काय, कसं काय?" म्हणून बोलायला लावतो. नुसत्या बोलण्यानेही आकडा वाढतो. माझ्याकडे कोपऱ्यात पाठ टेकायची एक खुर्ची आहे. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, अर्ध्या तासात चहा-कॉफी-तंबाखू काही घेतलेलं नसावं. दोनदा मोजायचं. हे सगळं भिंतीवर लिहिलेलं आहे, त्यामुळे आता पेशंटच नवीन माणसाला दटावतात, "आत्ता बोलायचं नसतं." ऐकून मला फार समाधान वाटतं. बाहेरच्या बाकावर वाट बघत बसणाऱ्या माणसाला बीपी मोजण्याबद्दल आता बरंच कळतं.

पण बीपी त्यांचंच मोजून भागत नाही जे येतात. वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावी डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९६०च्या दशकात गावातल्या प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजायचं मनावर घेतलं. कोणी सर्दीला आला, कोणी दाखला मागायला आला, तरी मोजायचं, आणि जो येतच नाही त्याच्या मागे जायचं. जिथे गरज जास्त तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते, हा नियम १९७१ साली त्यांनीच मांडला. मोठ्या रुग्णालयात आपण दारात येईल तो पेशंट बघायचो. वस्तीत ते चालत नाही. मी एक वही ठेवलीय, "न आलेल्यांची वही". बीपीच्या गोळ्या संपायला हव्या होत्या पण नेल्या नाहीत, बाळाचा डोस राहिला, टीबीच्या औषधाचा महिना चुकला, अशी नावं दर शनिवारी त्यात उतरवायची आणि सोमवारी सिस्टरांनी घरी जायचं. टीबीचे उपचार बहुतेकांना ६ महिने लागतात, पण खोकला आणि ताप त्याच्या कितीतरी आधी थांबतो. बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या बंद करतो, त्यात नवल ते काय? म्हणून "बरं वाटेल, तेव्हाच जपा" हे पहिल्याच दिवशी सांगायचं. माझ्या दवाखान्यात सगळ्यांत मोलाची वस्तू कोणती म्हणशील, तर ती वही.

याच वहीवरून एक घोडचूक झाली, तीही सांगून टाकतो. एकजण बरेच दिवस आला नव्हता. तो खिडकीशी दिसला आणि मी आतूनच मोठ्याने विचारलं, "काय हो, टीबीच्या गोळ्या नेल्या नाहीत?" बाकावर सात-आठ माणसं होती, सगळी त्याच्या गल्लीतली. तो काही न बोलता निघून गेला आणि पुन्हा माझ्याकडे आला नाही. त्याने दुसरीकडे औषध पुरं केलं असं नंतर समजलं, पण मधले कित्येक आठवडे मला झोप लागत नव्हती. वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. रुग्णालयातली गर्दी माणसाला झाकते, इथे तो उघडा पडतो. म्हणून आजाराचं नाव खिडकीपाशी उच्चारायचं नाही, केसपेपर पालथा ठेवायचा, आणि घरी जाणाऱ्या सिस्टरांनी दारातून काही विचारायचं नाही. विश्वास गेला की तू सांगितलेलं कोणी ऐकणारच नाही.

बाहेरच्या फळ्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण फळा लावच. सुरुवातीला मी त्यावर दहा-दहा सूचना लिहायचो, कोणी ढुंकूनही बघत नसे. आता आठवड्याला एकच गोष्ट असते, आणि ती हाताने करण्याजोगी. "पाणी साठू देऊ नका" यातून कोणाला काय करायचं ते कळत नाही. मी लिहिलं, "दर रविवारी पाण्याची भांडी रिकामी करा आणि आतून घासा." डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, म्हणून घासायचं. अंड्यातून बाहेर पडल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस जातात, म्हणून आठवड्यातून एकदा. कारण सांगितलं की लोक करतात, हा माझा अनुभव. एका भिंगाच्या काचेत अळ्या दाखवल्या तेव्हा तर मुलांनीच घरोघरी जाऊन भांडी पालथी घातली. असंच, कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवायची आणि मग लगेच लशीसाठी यायचं. हे मी दर दोन महिन्यांनी फळ्यावर परत लिहितो.

अफवांशी तुला सामना करावा लागेल. फोनवर काहीतरी फिरतं आणि सकाळी लसीकरणाला निम्म्या आया येत नाहीत. त्यांना अडाणी समजून भाषण द्यायला गेलास तर उरलेल्याही जातील. "तुम्ही काय ऐकलंत?" एवढंच विचार आणि शेवटपर्यंत ऐक. बहुतेकदा मुळाशी एखादी खरी गोष्ट असते. गोवराच्या लशीनंतर काही मुलांना ताप येतो, पण तो साधारण आठवड्याने येतो. दुसऱ्या बऱ्याच लशींचा ताप एक-दोन दिवसांत येऊन जातो. हे आधी सांगितलं नसेल तर आठवड्याने आलेल्या तापाने आई हादरते, शेजारणीला सांगते, आणि तिथून गोष्ट पसरते. आता सुई टोचण्याआधीच ताप कधी येईल, काय द्यायचं, कशाने घाबरायचं नाही आणि कशासाठी तडक यायचं, ते सांगतो. गोवर इतका झपाट्याने पसरतो की वस्तीतल्या सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असल्याशिवाय तो अडत नाही. एकेका आईचं मन वळवण्याला म्हणून किंमत आहे.

लोकांना विचारत राहा, त्यांना आपल्याहून जास्त माहीत असतं. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा आला तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी तो तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरतोय असं सांगून पंपाचा दांडा काढायला लावला, हे आपण पाठ केलं. पण त्याच भागातले हेन्री व्हाइटहेड नावाचे धर्मोपदेशक फारसे कोणाला आठवत नाहीत. त्यांना स्नो यांचं म्हणणं पटत नव्हतं आणि ते खोडायलाच ते घरोघर फिरले. घरं ओळखीची होती, लोक त्यांच्याशी बोलत होते. कोण कुठलं पाणी प्यालं हे विचारता विचारता त्यांचं मत पालटलं, आणि पंपाजवळच्या ज्या घरातल्या आजारी बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी विहिरीलगतच्या खड्ड्यात जात होतं, ते घर त्यांनीच शोधलं. नकाशा स्नो यांचा, पण दारं उघडली ती व्हाइटहेड यांना. तुझ्या वस्तीतही असा कोणीतरी असेल, डॉक्टर नसलेला, सगळ्यांच्या घरात जाणं-येणं असलेला. त्या माणसाला आधी शोध, मग खुर्च्या-टेबलं घे.

औषधांच्या साठ्याची तुला काळजी आहे, ती रास्तच आहे, आणि यादी मी पाठवणारच. तेवढ्यासाठी अल्मा-आटा इथल्या जागतिक आरोग्य परिषदेचा १९७८चा जाहीरनामा एकदा काढून वाच. प्राथमिक आरोग्यसेवेत किमान काय काय हवं याच्या तिथे आठ गोष्टी दिल्या आहेत. पहिली आहे, आजूबाजूच्या आजारांबद्दल आणि ते टाळण्याबद्दल लोकांना शिक्षण. अत्यावश्यक औषधं शेवटी येतात. तो क्रम मला कॉलेजात उलटा वाटायचा.

दवाखाना उघडण्याआधी आठवडाभर माझ्याकडे ये. माझ्या खुर्चीशेजारी बसायला जागा करीन, पण पहिले दोन दिवस आत येऊ नकोस, बाहेरच्या बाकावर बस. आतून बाहेर पडलेला माणूस बाकावरच्यांना काय सांगतो ते ऐक आणि लिहून घे. मग संध्याकाळी आपण ते माझ्या केसपेपरांशी ताडून बघू. मी आत जे सांगितलं आणि त्याने बाहेर जे सांगितलं, त्यात अजूनही किती फरक पडतो, हे मलाही बघायचंय. मी स्वतः तिथे बसलो की सगळे गप्प होतात, तुला तिथे कोणी ओळखत नाही.

येताना मोठ्या मापाचा बीपीचा पट्टा मिळाला तर घेऊन ये, माझ्याकडचा कडेने उसवलाय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र