अर्ज देण्याआधी

चि. मनू,

हे टाईपच करतोय. मागे हाताने लिहून फोटो पाठवला तर तुला तो रूममेटकडून वाचून घ्यावा लागला, त्यात घरच्या पैशांचं सगळं होतं, तेव्हापासून कानाला खडा.

काल मी "जुळवून घे" म्हणालो आणि तू फोन ठेवलास. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. तुझं म्हणणं कळलं नाही असं नाही गं, लायब्ररीने दिलेली पुस्तकं म्हणजे नुसते स्कॅन केलेले फोटो, त्यावर तुझा तो स्क्रीन वाचून दाखवणारा एनव्हीडीए गप्प, आणि जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या फाईली उघडल्या की काहीतरी भलतंच बडबडतो. पण म्हणून थेट कुलगुरूंना अर्ज? गाईडच्या कानावर घातलंस का आधी? एकतीस वर्षं टेबलावर बसलोय मी, अर्ज देणाऱ्याचं काम होतं पण नाव लक्षात राहतं साहेबांच्या.

झालं, सुरू झालं माझं लेक्चर. सॉरी.

तुझं चॅप्टर ऐकलं नाही, वाचलं, दोनदा. "बाबा वाचून दाखवायचे, पण ते काय गाळायचे ते मला कळायचंच नाही." लागलं मला ते. अकरावीचा इतिहास मी ड्युटीवरून आल्यावर फोनवर रेकॉर्ड करायचो, तक्ता आला की "इथे तक्ता आहे" म्हणून पुढे, तळटीपा तर कधी वाचल्याच नाहीत, झोप यायची. तुला वाटायचं पुस्तक एवढंच असतं. काय वाचायचं आणि काय सोडायचं ते तूच ठरवणार, याला तुम्ही ॲक्सेस म्हणता ना? मी आपला रॅम्प आणि लिफ्ट समजत होतो.

आणि तो ८ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, ॲक्सेसिबिलिटीचे नियम नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा म्हणून सरकारला तीन महिने दिले, त्यासाठी अहवाल मागवला होता हैदराबादच्या नालसारच्या अपंगत्व अभ्यास केंद्राकडून, म्हणजे तुमच्याच विषयाच्या लोकांकडून! टपरीवर दोघांना सांगून झालं माझं. एक म्हणाला, पोरगी वकील होणार का. मी म्हटलं, पीएचडी, बस खाली.

गाईडला सांग हां आधी. लेखी नको, चहा पिताना.

अर्ज पाहिला. 'कृपया' तीनदा आलंय, एक ठेव. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा दुसऱ्या पानावर का? पहिल्यावर आण, दुसरं पान कोणी उलटत नाही. कोणत्या पुस्तकांची टेक्स्ट फाईल हवी त्याची यादी जोड, नाहीतर "मागणी मोघम आहे" असा शेरा मारून परत येतो. आवक नंबर आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही तिथून. शिक्का उमटलाय का ते कुणाला तरी बघायला सांग... राहू दे, कसं करायचं ते तुझं तू ठरवशील.

आईने मेतकूट पाठवलंय कुरिअरने.

बाबा