परवाना आला, पक्षी गेले: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पक्ष्यांच्या पायात रिंग घालण्याचा आमचा परवाना अखेर मिळाला, त्याबद्दल आधी आभार. लिफाफा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. आत परवान्याची मुदत लिहिली आहे, 31 मार्चपर्यंत. अर्ज गेल्या ऑगस्टमधला. मध्ये 5 ते 12 नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात आमच्याकडच्या व्यासपीठावरून जाहीर झालं होतं की संशोधनाचे परवाने यापुढे तीस दिवसांत मिळतील. टाळ्या मीही वाजवल्या.

कायद्यावर माझा राग नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानपक्षी पकडायला परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. पण त्रुटी कसल्या काढल्या ते ऐका. कधी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला नाही, कधी पानांवर नंबर नाहीत. एकदा तर ‘पकडण्यात येणाऱ्या पक्ष्यांची संख्यानिहाय यादी जोडावी’. जाळ्यात कोण येणार हे आधी ठाऊक असतं तर जाळं कशाला लावलं असतं? पक्ष्यांची संमतिपत्रं मागितली नाहीत, हे उपकारच. माझे गुडघे गेलेत, त्या कार्यालयाला लिफ्ट नाही, आणि साहेब कायम मीटिंगला. घरी रोज ऐकून घेतो की पेन्शन पेट्रोलात चालली. तिकडे धरणाच्या फुगवट्यात रात्री फासे लावणाऱ्यांच्या अर्जात मात्र कधी त्रुटी निघत नाही, कारण ते अर्जच करत नाहीत.

ब्लिथचा वटवट्या तुम्ही हातात धरला आहे का हो कधी? हिवाळ्यात इकडे येणारा दहा-बारा ग्रॅमचा जीव. पोटावर हळूच फुंकर मारली की पिसं बाजूला होतात आणि कातडीखालची पिवळट चरबी दिसते. ती भरली की समजायचं, स्वारी उत्तरेला निघाली. पंख मोजायचा, वजन करायचं, नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची रिंग पकडीने बंद करायची आणि सोडून द्यायचा. पुढच्या हिवाळ्यात तोच नंबर त्याच बांधावरच्या बाभळीत पुन्हा सापडला, तर पठ्ठ्या जगला. नुसत्या मोजणीने पक्षी किती ते कळतं. कमी का झाले, मोठे मेले की पिल्लंच जगली नाहीत, ते रिंगिंग सांगतं. अट एकच, तीच जागा, तेवढीच जाळी, तोच हंगाम, वर्षानुवर्षं. यंदाचा हिवाळा कोरा गेला. मागच्या वर्षीचा पक्षी यंदा मेला, की आम्ही जाळंच लावलं नाही म्हणून दिसला नाही, हे आता कोणत्या खात्याला विचारू?

डेन्मार्कमध्ये 1899 साली मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तराने साळुंकीच्या जातकुळीतल्या पक्ष्यांना नंबरच्या रिंगा घालून हे सुरू केलं. ब्रिटनमध्ये 1909पासून चालू आहे, आता वर्षाला आठ-नऊ लाख पक्षी होतात म्हणे, थोडं इकडेतिकडे. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर 1956 साली रिंग घातलेल्या अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या मादीने 2024 मध्ये अंडं घातलं! आपणही मागे नव्हतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने धार संस्थानाच्या मदतीने 1927च्या सुमारास काम चालू केलं, पुढे सालिम अलींनी ते देशभर नेलं. पण देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या 2023च्या अहवालात, ज्या 338 जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला त्यांतल्या 60 टक्के घटलेल्या निघाल्या. बाकीच्यांचं काय? कल काढायला माहितीच पुरेशी नाही. ती कोण गोळा करणार, आवक-जावक विभाग?

आमच्या पाणथळीच्या तोंडाशी मात्र सिमेंटचे गुलाबी फ्लेमिंगो उभे राहिले. चाळीस लाख गेले असं ऐकतो, कुणी साठ म्हणतं. त्याला त्रुटी निघाली नाही, मार्चअखेर निधी खर्ची पडला. आणि हे पक्ष्यांपुरतं नाही, साहेब. विहिरीची पाणीपातळी असो, गावातला पर्जन्यमापक असो, रोज जाऊन आकडा लिहिणारा माणूस या राज्यात कुणालाच नको असतो. आकडा लिहिला की उद्या कुणीतरी विचारणार, कमी का झालं? त्यापेक्षा कोनशिला बरी. नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं, तेव्हा केवढा गाजावाजा! दर्जा मिळाला, फोटो निघाले, पण जाळ्याजवळ पहाटे बसायला माणसं किती नेमली?

मागणी मोठी नाही. परवाना एका हंगामाचा नको, निदान पाच वर्षांचा द्या, आणि तो सप्टेंबर उजाडण्याआधी हातात पडू द्या. नवा अर्ज सोबत जोडला आहे, पानांवर नंबर घातले आहेत. पक्ष्यांची यादी जोडलेली नाही आणि जोडणारही नाही.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, गोदाकाठ